भाऊजी, तुमच्या नावाची विहीर

भाऊजी, काल तुमची तेरवी झाली, आणि त्याच मांडवात गावानं तुमच्या नावानं विहीर खोल करायचं ठरवलं. हसा आता. नाही, थांबा, आधी मला चिडू द्या.

पंगती उठल्या होत्या. मी वरणाची बादली घेऊन दाराशी उभी होते. ओंकारजी सरपंच उठले, खाकरले, उपरणं सावरलं. "सुपडाभाऊनं सारी जिनगानी पान्याच्या पायी घातली," म्हणाले. "एवढा मोठा डॉक्टर झाला, पन गावाले इसरला नाई. आपन बी त्याले इसरू नये. गावची विहीर खोल न्याव. गोड पानी लागेपर्यंत न्याव. अन् तिले नाव सुपडाभाऊचं द्याव. सकायी नारळ फोडू." तेरवीत टाळ्या वाजवत नाहीत, म्हणून नाही वाजल्या. पण झाडून सगळ्या माना हलल्या. आमचे हे, तुमचे दादासुद्धा, डोळे पुसत मान हलवत होते. सख्खा भाऊ, पण एक शब्द बोलतील तर शपथ.

मी हातातली बादली खाली ठेवली. ज्या माणसानं उमेदीची सगळी वर्षं घालून एकच गोष्ट शोधून काढली, की आपल्या भागात विहीर खोल नेऊ नका, त्याची आठवण म्हणून गाव काय करणार, तर विहीर खोल नेणार. तुमच्या संशोधनाचा गावाला उपयोग तो हा. आणि हे निस्तरायला तुम्ही नाहीत. तुम्ही नागपूरच्या दवाखान्यातून परस्पर निघून गेलात, आणि निस्तरायला मी.

तेवढ्यानं भागलं नाही. तुमच्या कॉलेजातले ते जाड चष्म्याचे सर आले होते. निघताना मला म्हणाले, "वहिनी, आमच्या वार्षिक अंकासाठी त्यांच्यावर चार शब्द लिहा. त्यांचं संशोधन आणि त्याचे फायदे सामान्य वाचकाला समजतील असे." मी म्हटलं, सर, हे खुद्द तुमच्या मित्राला कधी जमलं नाही. ते हसले, आणि मग त्यांचे डोळे भरून आले. म्हणून लिहायला बसले आहे. मी गावच्या शाळेत पोरांना शिकवते, मला सामान्य वाचकाशिवाय दुसरं कोणी माहीतच नाही. चुकलं तर तिथून ओरडा.

अंक वाचणाऱ्यांनी आपलं गाव पाहिलेलं नसणार. त्यांना सांगते, की पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जो काळा, सपाट मुलूख आहे त्याला खारपाणपट्टा म्हणतात. विहिरी आहेत, विहिरींना पाणीही आहे, पण ते तोंडात धरवत नाही. साबणाला फेस येत नाही, केस चिकट राहतात, हंड्याच्या आत पांढरा थर धरतो, आणि तुरीची डाळ सकाळी चुलीवर ठेवावी तर दुपारी तशीच टणक. पिण्यापुरतं आणि डाळीपुरतं पाणी बायका नाल्यातल्या झिऱ्यावरून आणतात. झिरा म्हणजे वाळूत उकरलेला खड्डा. त्यात वाटी वाटी पाणी झिरपतं, तोवर बसून राहायचं. उन्हाळ्यात तोही आटतो.

माझं माहेर सोनाळा, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथं पाणी गोड. गोड पाण्याच्या गावचा बाप खाऱ्या पाण्याच्या गावात लेक द्यायला नाखूश असतो, आणि खाऱ्या गावाला हे पक्कं ठाऊक असतं. माझ्या बोलणीच्या वेळी वडलांनी तुमच्या ओसरीवर बसून विचारलं होतं, "पानी कसं हाये गावचं?" तुमच्या आईनं, म्हणजे माझ्या सासूबाई आत्याबाईंनी, तांब्या पुढं केला. पाणी गोड होतं. वडील खूश झाले. लग्न होऊन मी चुलीपुढं बसले तेव्हा कळलं, की तो तांब्या झिऱ्यावरचा होता. आत्याबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पावन्याले का खारं पानी पाजत असतात?" त्यांच्या मनात फसवायचं नव्हतंच. पाहुण्याला घरातलं उत्तम ते द्यायचं, एवढीच त्यांची समजूत. ही समजूत पुढं तुमच्या संशोधनाचा गळा धरणार आहे, हे तेव्हा त्यांना, मला आणि तुम्हालाही माहीत नव्हतं.

तुम्ही तेव्हा कॉलेजात होतात. महाराष्ट्र राज्य नवं होतं, जिल्हा परिषदा नव्या होत्या, शिकलेला पोरगा म्हटलं की तो आता काहीतरी घेऊन येणार, असं ज्याला त्याला वाटायचं. एका सुट्टीत तुम्ही आलात आणि म्हणालात, "मी आपल्या भागातल्या विहिरींच्या पाण्यावर पीएच.डी. करतो आहे." आत्याबाईंनी मला विचारलं, "म्हंजे काय करून राह्यला व तो?" मी म्हटलं, पाणी तपासणार. "तपासून?" मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही म्हणालात, "तपासून ते खारं का आहे, हे बघणार." आत्याबाई म्हणाल्या, "बाप्पा! थे त खारं हाये म्हनून खारं हाये."

तुम्ही रागावलात. तुम्हाला राग फार लवकर यायचा, पण तो आईवर काढता यायचा नाही, म्हणून माझ्यावर काढायचात. मी म्हटलं, भाऊजी, एवढं शिकून राह्यले, त माही डाळ शिजवून दाखवा. तुम्ही म्हणालात, "डाळ शिजवनं माह्यं काम नाई. ती काऊन शिजत नाई, थे सांगू शकतो."

"थे मले ठाऊक हाये. पानी खारं हाये म्हनून."

"साफ चूक! मिठानं डाळ अडत नाई, वयनी. चुन्यानं अडते. तुमच्या पान्यात चुना बी हाये."

म्हणजे डाळ शिजली नाहीच, वर मी चूक ठरले. तुमच्या संशोधनाचा मला झालेला पहिला फायदा तो.

मग त्या बाटल्या आल्या. ट्रंकभर बाटल्या, प्रत्येकीवर गावाचं आणि विहिरीचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली. तुम्ही त्या गावोगावच्या शाळामास्तरांकडं एस.टी.नं धाडल्या. निरोप असा, की विहिरीचं पाणी भरून बूच घट्ट लावून ठेवा, मी गोळा करीन. गोळा केल्यात, गोणपाटात गुंडाळल्यात, शेगावच्या स्टेशनावरून गाडीत चढवल्यात, बाळंतिणीला न्यावं तशा सांभाळून नागपूरला नेल्यात. आणि महिन्याभरानं तोंड पाडून परत आलात. ओसरीवर बसलात ते उठेचनात. मला वाटलं कोणी वारलं.

"वयनी," तुम्ही म्हणालात, "खारपानपट्टा नाई."

"म्हंजे?"

"नाईच. साऱ्या बाटल्या गोड निघाल्या. सर म्हनतात, विषय बदला."

मी तोंडाला पदर लावला. तुम्ही ओरडलात, "हसता काऊन?" मी आत्याबाईंना हाक मारली आणि विचारलं, की आपल्या विहिरीची बाटली कोणी भरली होती? त्या म्हणाल्या, "म्या. झिऱ्यावरून भरून आनली. फडक्यानं गायून." तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. "माय, मले विहिरीचं पायजे होतं! खारं पायजे होतं!" आणि आत्याबाई तुमच्यापेक्षा मोठ्या आवाजात, "नागपूरले मोठ्या सायबाच्या टेबलावर जाऊन राह्यलं पानी, अन् तिथं मी खारं धाडू? काय म्हनतीन लोकं? अन् हे कागदावर चढलं, त या गावच्या पोट्ट्यायले पोरी कोन देईन बे?"

गावोगाव हेच झालं होतं. कोणी झिऱ्यावरचं भरलं, कोणी नदीपलीकडून आणवलं, एका मास्तरांनी तर झिऱ्याचं उकळून, गार करून भरलं होतं. सरकारी माणसाला लबाडीनं फसवणारी गावं पुष्कळ असतील. पण संशोधकाला आदरातिथ्यानं बुडवावं, हे आपल्याच मुलखाला सुचावं.

तुमची एक पूर्ण सुगी वाया गेली. त्यानंतर तुम्ही स्वतः दोर-बादली घेऊन सायकलवर निघालात, आणि प्रत्येक विहिरीचं पाणी स्वतः शेंदून स्वतः चाखलंत. लोक म्हणायचे, सुपडा पाणी पीत हिंडतो, त्याचं डोकं फिरलं. तुम्हाला समजावून सांगता आलं असतं तर एकानंही तसं म्हटलं नसतं. पण समजावून सांगायचं म्हटलं की तुमच्या अंगात छापील पुस्तक शिरायचं. सायकलीवरून उतरून, घाम पुसून, कोण्या म्हातारबाला तुम्ही म्हणायचात, "मी भूजलाच्या क्षारतेचे उभे वितरण अभ्यासत आहे." तो बिचारा रामराम करून वाट सोडायचा.

आणि तुमच्या लग्नाचं काय केलंत! सोनाळ्याकडचंच चांगलं स्थळ मी आणलं होतं. मुलीच्या बापानं नेहमीप्रमाणं विचारलं, पाणी कसं? आत्याबाई तांब्या घेऊन आल्या. तुम्ही तांब्या बाजूला सारलात आणि त्या भल्या माणसाला आपल्या विहिरीच्या क्षाराचे आकडे सांगितलेत, पावसाळ्यातले वेगळे आणि उन्हाळ्यातले वेगळे. तो चहा न पिता उठला. मी त्या दिवशी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही मात्र चुलीपाशी येऊन विचारलंत, "मी काय खोटं बोलाव?" त्याला मी उत्तर दिलं नाही. आजही देत नाही. बायको असती तर हे सगळं तिनं निस्तरलं असतं, एवढंच म्हणते.

शेवटी प्रबंध झाला. तुम्ही डॉक्टर झालात. गावानं पारावर सत्कार ठेवला, आणि ओंकारजींनी जाहीर केलं की आता डॉक्टरसाहेब आपल्या संशोधनाची माहिती देतील. मी शाळेतला फळा पारावर पाठवला होता. तुम्ही फळ्यावर रेघा काढल्यात. गाळ, क्षार, घनता, पातळी. पोरं पेंगली, म्हातारे पेंगले, ओंकारजींची मान छातीवर आली. तरी लोक उठले नाहीत, हे लक्षात ठेवा. तुमच्यावर जीव होता म्हणून बसले.

मग कोणीतरी विचारलं, "पानी गोड कवा होईन?"

तुम्ही म्हणालात, "होणार नाही."

सगळा पार जागा झाला. "मंग फायदा काय, डॉक्टर?"

तुम्ही विचार केलात. खूप वेळ केलात. आणि म्हणालात, "फायदा असा निश्चित सांगता येत नाही."

भाऊजी, त्या क्षणी मला वाटलं, फळा उचलून तुमच्या डोक्यात घालावा! एवढी वर्षं, एवढ्या बाटल्या, मोडलेलं लग्न, आणि निश्चित सांगता येत नाही! जाडजूड प्रबंधात तुम्ही मला तुमचं ते वाक्य दाखवलं होतंत, क्षार मुळात कुठून आले त्या प्रकरणाच्या शेवटी. तिथं ते ठीक आहे. पारावर माणसं तोंडाकडं बघत असताना नाही.

मला राहवलं नाही. बायकांच्या घोळक्यातून मी उठले आणि म्हटलं, ताक ठेवून दिलं की वर निवळ येते, खाली दाट बसतं. आपल्या विहिरीतलं पाणी तसं आहे. वरचं बरं, खालचं खारं. पळी खोल घातली की दाट वर येतं. म्हणून विहीर खोल करू नका, असं भाऊजींचं म्हणणं आहे. सगळ्यांच्या माना हलल्या. तुमची तेवढी हलली नाही. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मी जणू तुमच्या प्रबंधावर शाई सांडली.

आणि पुढं काय झालं ते तुम्ही मला मरेपर्यंत ऐकवलंत, म्हणून मीच सांगून टाकते. बायकांनी ठरवलं, की ताक ठेवल्यावर निवळ येते, तर विहीरही तशीच ठेवून बघू. दोर टाकेनात. सगळा भार झिऱ्यावर. झिऱ्यावर भांडणं, घागरी फुटल्या, आणि विहिरीवर हिरवी साय धरली. पुढच्या सुट्टीत तुम्ही आलात आणि सरळ स्वयंपाकघरात घुसलात. "पाहा तुमचं ताक!"

तिथं, चुलीपुढं उकिडवं बसून, रागानं लाल होऊन तुम्ही जे बोललात ते मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. "वयनी, निवळ ताकातूनच निघते. हे पानी तसं नाई. वरचं पानी पावसाचं हाये, नवं हाये. खालचं जुनं हाये, थे कुठून आलं मले सांगता येत नाई. नवं पानी जुन्याच्या डोक्यावर पातळ बसेल हाये. थोडं थोडं शेंदलं त भेटते. खोल गेले की जुन्याले वाट भेटते, मंग थे वर येते अन् परत खाली जात नाई. नाल्यात पाऊस अडवला, त नव्याचा थर कदाचित जाड होईन. बस. एवढंच हाये माही पीएच.डी."

मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. म्हटलं, हे पारावर काऊन नाई बोलले?

"काऊन की हे पुरतं बरोबर नाई."

हेच आपलं भांडण. दर सुट्टीला तेच. मी म्हणायची, माणसाला समजलं नाही तर बरोबर असून काय उपयोग. तुम्ही म्हणायचात, समजलं आणि चुकीचं समजलं तर विहिरीवर साय धरते. मी म्हणायची, मग भांडताना बोलता तसं बोला, भांडताना तुमचं बोलणं नीट समजतं. तुम्ही म्हणायचात, साऱ्या गावाशी भांडू का? मी म्हणायची, भांडा. हे भांडण मिटलं नाही. तुम्ही दवाखान्यात पिवळेजर्द पडला होतात तेव्हाही मी पलंगाशी बसून तेच काढलं, तुम्हाला चीड यावी म्हणून, चीड आली की तुमच्या चेहऱ्यावर रंग यायचा. तुम्ही नुसते हसलात. म्हणालात, "वयनी, इथचं पानी लय गोड हाये. चवच नाई त्याले." मी बाहेर येऊन रडले. तुम्ही भांडला नाहीत तेव्हाच मला कळलं होतं.

आता आज सकाळचं ऐका.

मी विहिरीवर गेले तेव्हा कुदळी, घमेली, नारळ, हळद-कुंकू, सगळी तयारी होती. बायका घागरी घेऊन बाजूला उभ्या होत्या. मी पदर सारखा केला आणि म्हटलं, नारळ थांबवा. ओंकारजी म्हणाले, "मास्तरीनबाई, तुमच्याच घरच्या मानसाचं नाव देऊन राह्यलो."

"म्हनूनच थांबवा म्हनून राह्यले."

ताक काढलं नाही. तुमची शपथ, नाही काढलं. चुलीपुढचं तुमचं बोलणं होतं तसं सांगितलं, नवं पाणी, जुनं पाणी, डोक्यावर बसलेलं. बायकांना विचारलं, पहाटेची पहिली घागर कशी लागते आणि दुपारची कशी? त्या म्हणाल्या, पहाटेची बरी. का बरी? रात्रभरात नवं पाणी परत वर जमतं म्हणून. पावसाळ्यानंतर बरी, वैशाखात कडू. का? त्यांनीच सांगितलं. माझा हुरूप वाढला. वाटलं, जिंकले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मंग खोल नाई गेलो, त गोड होईन का?"

भाऊजी, हो म्हणायला किती सोपं होतं. जिभेवर आलं होतं. सगळे बघत होते, नारळ फोडायचा थांबला होता, एक "हाव" म्हटलं असतं की कुदळी परत गेल्या असत्या. आणि मला तुमचा तो पारावरचा चेहरा दिसला, ज्याच्यावर मी फळा आपटणार होते. मी म्हटलं, नाई होनार.

"मंग फायदा काय व, बाई?"

तोच प्रश्न, तीच माणसं. मी म्हटलं, हाये तेवढं राहीन, एवढाच फायदा. आणि खोटं कशाला सांगू, कोणाला पटलं नाही. कुजबुज झाली. न खोदलेल्या विहिरीचा फायदा कोणाला दिसतो? एकजण म्हणाला, प्रयत्न तर करून बघू. मी ओंकारजींकडं पाहिलं.

त्यांच्या मळ्यातली विहीर तुमच्या भाषणानंतरच त्यांनी खोल नेली होती, हे गावाला माहीत आहे. त्यानंतर त्यांचे बैल ती विहीर ओलांडून नाल्यावर पाण्याला जातात, हेही माहीत आहे. बोलत कोणी नाही. बाहेरचा माणूस आला की त्या घरी तांब्या झिऱ्यावरचा येतो. धाकट्याच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, मुलीकडची माणसं सातपुड्याकडची. मला ते बोलता आलं असतं. मी बोलले नाही. माझ्याही बापाला गोड तांब्या मिळाला होता, मला त्या तांब्याची लाज माहीत आहे.

ओंकारजींनी हातातला नारळ खाली ठेवला. मग गड्याला म्हणाले, "मयातल्या विहिरीतून एक घागर भरून आन."

घागर आली. त्यांनी पहिल्यांदा स्वतः चूळ भरली, आणि थुंकली. मग घागर पुढं केली. "चाखा." लोकांनी चाखलं. एकेकाचं तोंड वाकडं झालं. मग ओंकारजीच बोलले. "मले वाटे, अजून दोन पुरुस खोल नेली की लागीन गोड. जेवढा खाली गेलो तेवढी नासली. सुपडा बाटली घेऊन दोनदा आल्ता. दोन्ही खेपीले म्या त्याले विहिरीवर जाऊ देल्लं नाई, झिऱ्याचं पानी देल्लं. दारी आलेल्या मानसाले हे पानी कसं द्याव?" आणि मग, खाली बघत, "तो मले हेच मागत होता. म्हने, काका, वाईट पानी द्या, मले वाईटच पायजे."

भाऊजी, तुमचं संशोधन गावाला समजलं ते तेव्हा. तुमच्या फळ्यानं नाही आणि माझ्या ताकानंही नाही. एका माणसानं आपलं वाईट पाणी चारचौघांत पुढं केलं, तेव्हा. तुम्ही सायकलवर हिंडून सगळ्यांकडं हेच तर मागत होतात, आणि कोणी देत नव्हतं.

नारळ विहिरीवर फुटला नाही. ओंकारजी कुदळ खांद्यावर टाकून म्हणाले, "चाला मंग नाल्यावर. बांध घालू." कोणी विचारलं, त्यानं गोड होईल का? ओंकारजींनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, कदाचित. लोक हसले, पण गेले. तुमचे दादा सगळ्यांच्या पुढं होते. जाता जाता ओंकारजी म्हणाले, नावाची पाटी मात्र विहिरीवरच लावायची. तुमचं नाव, आणि खाली, इथून पुढं खोल जाऊ नये. तुमचा प्रबंध एका ओळीत बसला बघा. पुरता बरोबर नसेल. ओरडू नका.

घरी आले. तुमच्या फोटोपुढं तेरवीचा तांब्या होता. काल माझा भाऊ सोनाळ्याहून पाणी घेऊन आला होता, आणि आत्याबाईंनी तेच भरून ठेवलं होतं, लेकाला शेवटचं पाणी गोड असावं म्हणून. सुट्टीत आलात की मीही तुमच्यापुढं झिऱ्याचा तांब्या ठेवायची, आणि तुम्ही दर वेळी सरकवायचात. "मी का पावना हाये वयनी? घरचं पानी द्या." दर वेळी चिडायची मी. राबून आणलेलं पाणी, आणि हा माणूस नको म्हणतो.

आत्याबाईंना विचारलं, घरचं ठेवू का? त्यांनी मान डोलावली. मी सोनाळ्याचं पाणी त्यांच्या पेल्यात ओतलं आणि तांब्या घरच्या, विहिरीच्या पाण्याच्या हंड्यातून भरला. ठेवण्याआधी एक घोट घेतला. आज पाणी बरं लागलं. पहाटेचं होतं म्हणून असेल, किंवा रडून तोंड खारट झालं होतं म्हणूनही असेल. निश्चित सांगता येत नाही, भाऊजी.